घट्ट ते जड नव्हे

सास्तूर, ता. लोहारा

चि. भाचीस,

वर्गाला घनता कशी शिकवू, असं तू विचारलं आहेस. व्याख्या मुलं पाठ करतील: वस्तुमान भागिले आकारमान. पण त्याच मुलांना तेल जड की पाणी असं विचारून बघ. बरीचशी तेल म्हणतील. तेल बोटाला चिकटतं, ओतताना सावकाश पडतं, मग ते जडच असणार असं त्यांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. माझं म्हणणं, शिकवण्याची सुरुवात ही समजूत मोडण्यापासून कर. पदार्थ किती घट्ट आहे आणि तेवढ्याच मापात तो किती जड आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यासाठी प्रयोगशाळा नको. अर्ध्या लिटरची एक बाटली, किराणा दुकानातला डिजिटल काटा, आणि घरातलं करडईचं तेल, दूध, काकवी, पाणी एवढं पुरे. रिकाम्या बाटलीचं वजन आधी लिहून ठेवायचं आणि प्रत्येक वेळी त्याच खुणेपर्यंत भरायचं. पाणी जवळजवळ ५०० ग्रॅम भरेल, तेल ४६०च्या आसपास, गाईचं दूध ५१५च्या आसपास, आणि काकवी थेट सातशेच्या घरात. माप मुद्दाम अर्ध्या लिटरचं सांगतोय. शंभर मिलिलिटर घेतलंस तर दूध आणि पाण्यातला फरक जेमतेम तीन ग्रॅम येतो, आणि खूण गाठताना थोडं कमीजास्त झालं की तो सहज हरवतो.

मग काचेच्या ग्लासात थर लावून दाखव. तळाला काकवी, तिच्यावर चमच्याच्या पाठीवरून अलगद पाणी, वर तेल. मुलांना हे फार आवडेल, पण इथंच एक सावधगिरी बाळग. थर दिसतात ते केवळ घनतेमुळं नव्हे. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून त्यांची सीमा टिकते. काकवी आणि पाणी ढवळलंस तर एकजीव होतील, परत वेगळे होणार नाहीत. दूध पाण्यापेक्षा जड, पण म्हणून पाणी घातलेल्या दुधावर पाणी तरंगत नाही. तसं असतं तर भेसळ डोळ्यांनी दिसली असती, लॅक्टोमीटरनं डिग्री बघायची गरजच पडली नसती.

डिग्रीवर मात्र एक अख्खा तास दे. डेअरीवर लॅक्टोमीटर दुधात सोडतात, तो ३०च्या खुणेवर थांबला म्हणजे डिग्री ३०, दुधाची घनता १.०३०. शरबताच्या नळीचं टोक मेणानं बंद करून आत एकदोन खिळे टाकले, ती सरळ उभी तरंगली, की मुलांचा स्वतःचा लॅक्टोमीटर तयार. नळी पाण्यात १० सेंटिमीटर बुडत असेल तर तेलात सुमारे ९ मिलिमीटर जास्त बुडेल, आणि दुधात फक्त ३ मिलिमीटर वर येईल. एवढ्याशा फरकानं मुलं हिरमुसतील. त्याच वेळी खरा लॅक्टोमीटर हातात दे. खाली फुगीर कुपी, वर बारीक मान. बुडलेल्या आकारमानात थोडा जरी फरक पडला तरी तो त्या बारीक मानेवर लांब पसरतो, म्हणून खुणा वाचता येतात. तो आकार असा का, हे मुलांना आपसूक कळेल.

आता पाणी घालायचं. नऊ भाग दुधात एक भाग पाणी मिसळलं की ३०ची डिग्री २७वर येते. पण त्याच दुधातली साय आधी काढून घेतली तर? स्निग्धांश पाण्यापेक्षाही हलका असतो. तो गेला की डिग्री वर चढते, आणि मग थोडं पाणी घातलं तरी आकडा पुन्हा चांगल्या दुधासारखा दिसतो. साखर किंवा मीठ टाकूनही तो चढवता येतो. दूध गरम असेल तर डिग्री कमी लागते. म्हणून नुसत्या डिग्रीवर दुधाची पारख करणं मला मान्य नाही. तिच्यासोबत फॅट, म्हणजे स्निग्धांशाचा आकडा, हवाच. दोन्ही आकडे मिळाले की एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, काढता येतं, आणि साय काढून पाणी घातल्याची ही लबाडी उघडी पडते.

शेतकऱ्यांच्या मुलांना आणखी एक गोष्ट सांग. बाजरी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतात. अरगटाच्या बुरशीच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेलं बी स्वच्छ पाण्यानं दोनतीनदा धुवून सावलीत सुकवायचं. मीठ पाण्याची घनता वाढवतं, म्हणून साध्या पाण्यात बुडालं असतं तेही त्यात तरंगतं. कृषी खात्याच्या शिफारशीत ही प्रक्रिया कधीपासून आहे. पुस्तकातल्या धड्यात मात्र ती यायला हवी होती.

ज्यांच्या घरचं दूध डेअरीला जातं त्या मुलांना पावत्या आणायला सांग. त्यांवरचे फॅट आणि एसएनएफचे आकडे फळ्यावर लिही, आणि दर कसा ठरला ते त्यांच्याकडूनच काढून घे. ते जमलं की मला सविस्तर कळव.

तुझा मामा