डबा जागच्या जागी

रानात लपवलेला लेटरबॉक्स शोधणं त्या मानाने सोपं. गावातल्या कम्युनिटी पार्कातला शोधणं अवघड. नवख्यांना हे उलटं वाटतं. रानात मी आणि क्लू, दोघंच असतो. पार्कात मैदानावर मुलांची प्रॅक्टिस चालू असते, बाकांवर आजी-आजोबा बसलेले असतात, कुत्री फिरवणाऱ्यांची ये-जा थांबत नाही. एवढ्या सगळ्यांदेखत एखाद्या झाडाच्या बुंध्याशी वाकायचं आणि कुणाच्या लक्षातही येऊ द्यायचं नाही, हे काम सरावानेच जमतं. न्यू जर्सीत स्थायिक झाल्यावर मला हा छंद लागला आणि आता पार्कातले डबेच मला अधिक जवळचे वाटतात.

हा लेटरबॉक्स म्हणजे पत्रं टाकायची पेटी नव्हे. घट्ट झाकणाचा एक छोटा प्लॅस्टिकचा डबा, आत झिपच्या पिशवीत एक वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का. शोधणाऱ्याजवळ त्याचा स्वतःचा शिक्का, स्वतःची वही आणि स्टॅम्प पॅड. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, तारीख आणि टोपणनाव लिहायचं आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून द्यायचा. नेण्याजोगं त्यात काहीच नसतं.

याचं मूळ इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर आहे. चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने 1854 साली क्रॅनमियर पूल या दुर्गम, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चिखल तुडवत पोचलेल्या माणसाने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं, एवढीच कल्पना. पुढे लोक स्वतःच्या नावाची पोस्टकार्डं तिथे ठेवू लागले. मागून येणारा अनोळखी माणूस ती उचलून टपालात टाकायचा. नंतर वही आली, शिक्का आला. अमेरिकेत हा छंद पसरला तो 1998च्या एप्रिलमध्ये स्मिथसोनियन मासिकात आलेल्या लेखामुळे. दोन वर्षांनी उपग्रहांच्या मदतीने डबे शोधायचा जिओकॅशिंग हा खेळ सुरू झाला. त्यात अक्षांश-रेखांश हाताशी असतात. आमच्याकडे असतात फक्त शब्द.

एका पार्कातला क्लू साधारण असा होता: ‘मैदानाकडे पाठ करून गोऱ्या अंगाच्या म्हाताऱ्याला भेट. त्याच्यापासून 240 अंशांवर 30 पेस चाल. तिथे तीन बहिणी एका पायावर उभ्या आहेत. धाकटीच्या पाठीमागे बघ.’

गोरा म्हातारा म्हणजे सिकॅमोर. या झाडाची साल पोपडे धरून गळते आणि वरच्या फांद्या पांढऱ्याफटक दिसतात. उन्हाळ्यात पानांच्या गर्दीत तो रंग झाकला जातो. नोव्हेंबरात पानगळ झाली की झाड दुरूनही ओळखू येतं. म्हणून असे क्लू मी पानगळीसाठी राखून ठेवते. आता उरले अंश आणि पेस. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नाही, चुंबकीय उत्तरेकडे वळते. सह्याद्रीत भटकताना याचा विचार मी कधी केला नव्हता, कारण पुण्या-मुंबईकडे या दोन उत्तरांमधला फरक जवळजवळ शून्य आहे. न्यू जर्सीत मात्र सुई साधारण बारा-तेरा अंश पश्चिमेला झुकते. पेसचंही तसंच. बऱ्याच जुन्या जाणकारांच्या हिशेबात एक पेस म्हणजे दोन पावलं, म्हणजे 30 पेसची साठ पावलं झाली, आणि साठ पावलांत एवढा फरक माणसाला तेराएक पावलं बाजूला नेऊन सोडतो. बहुतेक क्लू सरळ सुईप्रमाणे लिहिलेले असतात, पण लिहिणाऱ्याने नकाशावरून कोन काढला असेल तर गणित बदलतं. त्यामुळे मी दोन्ही रेषा मनात आखते आणि कुठल्या रेषेवर तीन बहिणी उभ्या आहेत ते पाहते. त्या सापडल्या: एका मुळातून तीन खोडं फुटलेला रिव्हर बर्च.

यापुढचं काम डोळ्यांचं. दगड आपणहून पडलेला आणि माणसाने ठेवलेला यांत फरक असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या दगडावर शेवाळ वरच्या अंगाला असतं, कडेला माती चिकटून बसलेली असते, भोवतीचा पाचोळा थराथराने कुजलेला असतो. धाकट्या खोडामागे दोन चपटे दगड होते. एकाचं शेवाळ खाली गेलं होतं. हात घालण्याआधी मी काठीने चाचपते आणि खोडावर चढलेली केसाळ वेल नीट बघून घेते. पॉयझन आयव्हीची पानं झडली तरी तिच्या चिकाने अंगावर पुरळ उठतंच. मग बाकावर बसून रस्ता मोकळा होण्याची वाट पाहायची. डबा उचलला की तिथेच उघडायचा नाही. लांब जाऊन उघडायचा, म्हणजे बघणाऱ्याला त्याची जागा कळत नाही.

त्या डब्यातला शिक्का एका कोठाराचा होता. वहीच्या पहिल्या पानावर डबा लपवणाऱ्याने लिहिलं होतं की हे पार्क होण्याआधी इथे शेत होतं आणि मैदानाच्या जागी हे कोठार उभं होतं. ज्या पार्कात मी आठवड्यातून अनेकदा चालायला जायची, त्या जमिनीचं पूर्वायुष्य मला या डब्याने सांगितलं. कोठाराच्या फळ्यांमधल्या फटी केसाएवढ्या बारीक रेषांनी दाखवल्या होत्या, आणि शिक्का कोरणाऱ्याचा हात किती तयार आहे ते तिथे कळत होतं.

मी स्वतः कोरते म्हणून हे नजरेत भरतं. माझा शिक्का सुगरण पक्ष्याच्या खोप्याचा आहे. पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं आणि तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखाने घासायचा. चित्र आपसूक उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. उमटायला हवी ती रेषा ठेवायची, बाकीचं रबर काढायचं. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरपं धरायचं, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. पातं रेषेखाली शिरलं तर ती रेषा दोन-चार छापांत मोडते. आणि वळण आलं की हत्यार नाही, रबर फिरवायचं. घाई या कामात चालतच नाही.

पण शोधण्याचं आणि कोरण्याचं कसब मी दुय्यम मानते. मुख्य कसब डबा परत ठेवण्याचं. पिशवीतली हवा काढून झिप पूर्ण लावणं, झाकणाच्या कडेला अडकलेलं पान काढणं, दगड शेवाळाची बाजू वर करून बसवणं, वर पाचोळा पसरणं, आणि चार पावलं मागे जाऊन शोधणाऱ्याच्या नजरेने एकदा पाहणं. झिप अर्धवट राहिली तर एका पावसात वहीचा लगदा होतो आणि कित्येक अनोळखी माणसांच्या खुणा एकदमच जातात. डार्टमूरवर दंडक आहे की डब्यासाठी खणायचं नाही, जुन्या शिळारांगा आणि दगडी थडग्यांना हात लावायचा नाही. पार्कात तर डबा ठेवण्याआधी देखभाल करणाऱ्यांची परवानगी घ्यावी, डब्यावर आत काय आहे ते स्पष्ट लिहावं, गवत कापायचं यंत्र फिरतं ती जागा टाळावी आणि दर मोसमात जाऊन वही कोरडी आहे ना ते पाहावं.

या छंदाला राखणदार नाही, कुलूप नाही. माझ्याआधी आलेल्या प्रत्येकाने डबा नीट ठेवला म्हणून तो मला सापडला. पुढच्याला सापडेल की नाही, हे फक्त माझ्या हातात असतं. म्हणूनच एखादं मूल माझ्याबरोबर प्रथमच येतं, तेव्हा डबा मी शोधून देते आणि परत ठेवायचं काम त्याच्याकडे सोपवते. ते ज्याला मनापासून जमलं, त्याला शोधणं शिकवावं लागत नाही.