नुसत्या ताकदीचं काम

माघ-फाल्गुनात बार्शी-सोलापूर रस्त्यानं वैरागच्या शिवारातून गेलं की दोन्ही अंगांना ज्वारीची काढणी चाललेली दिसते. आमच्याकडं रब्बीची ज्वारी उपटून काढायची रीत आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी असो की तिच्या मागून आलेले वाण, धाट पुरुषभर उंच होतं आणि कडब्याचं मोल कणसापेक्षा फार कमी नसतं. विळ्यानं कापून वीतभर बुडखा रानात सोडणं परवडत नाही. म्हणून मुळासकट ओढायचं, मुळाची माती पायावर आपटून झाडायची, धाटं ओळीनं आडवी टाकायची आणि पात पुढं न्यायची. हे काम मी करत आलो आहे, जाणत्या बायांच्या शेजारी पात धरून करत आलो आहे, आणि त्याबद्दल लोक काय बोलतात तेही ऐकत आलो आहे. म्हणणं एकच असतं: यात शिकायला काय आहे, नुसत्या ताकदीचं काम. सरकारदरबारीही तीच समजूत. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्यानं आणि पुढं 2005 च्या केंद्राच्या कायद्यानं मजुरांना कामाचा हक्क दिला, मोठी गोष्ट केली, पण ते काम ‘अकुशल’ या खात्यावरच टाकलं. स्नायूंबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे कळलं आहे ते ज्वारीच्या रानात आणून ताडून पाहिलं, तर ही समजूत टिकत नाही. या कामात ताकद लागते, पण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं ते नियंत्रण, आणि नियंत्रण शिकावं लागतं.

स्नायूला मुळात एकच काम येतं, आखडण्याचं. तो ओढतो, ढकलता त्याला येत नाही. आपण बंद पडलेली गाडी ढकलतो तेव्हाही आत स्नायू हाडांना ओढतच असतात. म्हणून प्रत्येक सांध्याला निदान दोन बाजूंनी स्नायू बसवलेले असतात, एक वाकवणारा आणि एक सरळ करणारा. मज्जारज्जूतून निघालेल्या चेतातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, स्नायूतंतूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि मायोसिनचे सूक्ष्म आकडे अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांना धरून ओढू लागतात. हे दोरे एकमेकांवरून सरकतात हे 1954 मध्ये हक्सली नावाच्या दोघांनी, आपापल्या सहकाऱ्यांबरोबर, स्वतंत्रपणे दाखवलं. दोघं एकमेकांचे कुणी लागत नव्हते, हा आपला योगायोग. इथवरची गोष्ट यंत्रासारखी आहे आणि तिच्यात जाडीला मान आहे: स्नायूच्या एका चौरस सेंटिमीटर छेदामागं साधारण दोन-तीन किलो वजन पेलण्याइतकं बल तयार होतं, त्यामुळं जाड दंडाचा माणूस जास्त ओढणार यात वाद नाही. पण किती तंतू, कोणत्या क्रमानं आणि कधी आखडायचे हे स्नायू ठरवत नाही. एका चेतापेशीच्या ताब्यात तंतूंचा एक गट असतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत तो गट दहाएक तंतूंचा असतो, पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजारावर जातो. एल्वुड हेनेमन यांनी 1950 आणि 60 च्या दशकांत दाखवलं की आधी लहान चेतापेशी जाग्या होतात आणि जोर वाढवायचा झाला तशा मोठ्या होत जातात. म्हणजे हलक्या कामात बारीक मापानं बल वाढवता येतं आणि लवकर थकणारे मोठे गट राखून ठेवता येतात. ताकदीच्या आत अशी मापाची सोय आधीच आहे. तिचा वापर कसा करायचा, एवढाच प्रश्न उरतो.

आता धाटाशी येऊ. जाणती बाई धाट जमिनीपासून वीत-दीड वीत वर धरते. त्याच्या वर धरलं तर ते मोडतं, खाली धरायला गेलं तर कंबर जास्त वाकवावी लागते. मूठ जेवढी हवी तेवढीच आवळलेली असते. फार आवळली तर घटकाभरात मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखा होतो, कारण बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. सैल धरली तर धाट हातातून सरकतं आणि पात्याची धार तळवा सोलते. स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये हीच गोष्ट प्रयोगशाळेत मोजली होती: माणूस वस्तू उचलतो तेव्हा ती निसटू नये याच्या थोडीच वर त्याची पकड असते, आणि वस्तू गुळगुळीत असली की पकड आपोआप वाढते. आमच्या रानात सकाळी दवानं ओलं झालेलं धाट आणि दुपारचं वाळकं धाट यांना वेगळी मूठ लागते, ती अशी. ओढ मात्र हातानं द्यायची नसते. हात नुसते दोर. जोर मांड्यांतून आणि पाठीतून येतो. आणि खरी गोम तर पुढंच आहे. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असल्या तर मूळ एका हिसक्यात सुटतं, चिवट जागी दम धरून सुटतं. सुटतं त्या क्षणी हाताला होता तो सगळा भार एकदम नाहीसा होतो. ज्या स्नायूंनी ओढ लावलेली असते ते तसेच ओढत राहिले तर माणूस मागच्या मागं बसतो. नवख्याचं बहुतेक तेच होतं. जाणती बाई जागची हलत नाही. तिची ओढ त्याच क्षणी थांबलेली असते, विरुद्ध बाजूचे स्नायू सावरायला आलेले असतात, आणि धाट सरळ पायाकडं आपटायला निघालेलं असतं.

हे ‘सुटलं’ असं कळल्यावर केलं तर जमणारच नाही. हाताला बसलेला हिसका मेंदूपर्यंत जाऊन विचारपूर्वक हुकूम परत येईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी सहज जातो. मज्जारज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया त्याच्या कितीतरी आधी पोहोचते, पण तिला ठरावीक उत्तरच देता येतं. म्हणून तयारी आधी करून ठेवावी लागते, आणि शरीर ती करतंही. उभ्या माणसाला हात झटकन वर करायला सांगितला तर हाताच्या स्नायूच्या आधी पायाचे आणि पाठीचे स्नायू जागे होतात, कारण हात वर गेला की तोल ढळणार हे शरीराला ठाऊक असतं. सोव्हिएत संशोधकांनी 1967 मध्ये हे नोंदवलं. धाट ओढणाऱ्या बाईचं शरीर असा अंदाज दिवसभर बांधत असतं, आणि प्रत्येक धाटाला नवा, कारण दोन धाटांची मुळं सारखी नसतात. तळपायाखालच्या ढेकळावरून, पहिल्या अर्ध्या ओढीत हाताला काय लागलं त्यावरून ती पुढच्या अर्ध्या ओढीचं माप ठरवते. विचारलं तर ती हे सांगू शकत नाही. ‘हाताला कळतंय की,’ एवढंच म्हणते, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबर आहे.

हाताला कळतं ते कशानं, हे इयन वॉटरमन या इंग्रज माणसाच्या उदाहरणावरून समजतं. 1971 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर त्याच्या मानेखालच्या शरीराचा स्पर्श आणि हातपाय कुठं आहेत याची जाण गेली. स्नायूंना ताण किती पडला आणि ते किती लांबले याची खबर देणारे चेतातंतू निकामी झाले होते. हुकूम नेणारे तंतू शाबूत होते. म्हणजे ताकद जागच्या जागी होती. तरीही त्याला उठून बसता येईना. पुढं त्यानं चालणं पुन्हा शिकून घेतलं, पण प्रत्येक हालचालीकडं डोळ्यांनी बघत. दिवे गेले की तो कोसळायचा. ताकद म्हणजेच काम असं मानणाऱ्यांनी या माणसाचा विचार करावा. स्नायू धडधाकट आणि हालचालीवर ताबा शून्य, असं होऊ शकतं.

दुसरा पुरावा मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो मजुरांवरच्याच अभ्यासातून आला. 1920 च्या दशकात मॉस्कोच्या श्रमसंस्थेत निकोलाय बर्नस्टाइन यांनी कामगारांच्या हातावर बारीक दिवे बांधून छिन्नीवर हातोडा मारतानाची चित्रं घेतली. कसलेल्या कामगाराची प्रत्येक हालचाल घोटून एकसारखी झालेली असेल, अशी कुणाचीही अटकळ असती. निघालं वेगळंच. खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं जात होते, आणि तरीही हातोड्याचं टोक जवळजवळ ठरल्या वाटेनं ठरल्या जागी पडत होतं. एका सांध्यात झालेली चूक दुसरा सांधा वाटेतच भरून काढत होता. कसब म्हणजे एकच हालचाल पाठ करणं नव्हे, दर वेळी नव्यानं जुळवून तोच परिणाम काढणं, हे तिथून पुढं अभ्यासकांना मान्य होत गेलं. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर माणसं खडी फोडायला बसली होती. दगड आडवा की उभा, शीर कुठं, घाव कुठं घालायचा, हे ज्यांना जमलं त्यांची खडी मोजमापाला पुरली. हातोडा तोच आणि हालचालही तीच; मॉस्कोत तिच्यावर शास्त्र उभं राहिलं, आपल्याकडं ती हजेरीपटावर अकुशल म्हणून चढली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. चालणं, घास तोंडात घालणं यालाही हेच सगळं लागतं, मग चालणाऱ्या प्रत्येकाला कुशल म्हणायचं का? आक्षेपात तथ्य आहे. हालचाल गुंतागुंतीची आहे एवढ्यावरून ती दुर्मिळ ठरत नाही, आणि मजुरीचा भाव बहुतेक वेळा दुर्मिळतेवर ठरतो. पण चालणं सगळ्यांना येतं ते सगळ्यांनी लहानपणी पडत-धडपडत शिकलेलं असतं म्हणून. ज्वारीची काढणी सगळ्यांनी शिकलेली नसते. शहरातून आलेला धडधाकट माणूस पातीला लावा. दुपारपर्यंत तो दोन पाती मागं पडलेला असतो आणि त्याच्या शेजारची, वजनानं त्याच्या निम्मी असलेली म्हातारी पुढच्या बांधाला टेकलेली असते. त्याला उद्या जमेल, हे खरं आहे का? काही आठवड्यांत बरंच जमेल. पण ते कशामुळं जमेल हे पाहण्यासारखं आहे. वजनं उचलायला लागलेल्या नवख्यांवर मोरितानी आणि डी-व्हरीस यांनी 1979 मध्ये अभ्यास केला, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः स्नायू फुगल्यामुळं आलेली नव्हती. चेतासंस्था आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरायला लागली होती. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या पोरालाही हे लागू आहे, आणि कुस्तीत तर वस्तादाचं निम्मं शिकवणं समोरच्याचा भार कधी कुठं आहे हे ओळखण्याचंच असतं. तालमीतल्या त्या ओळखीला आपण डाव म्हणतो. रानातल्या ओळखीला नाव नाही. भाकरी थापणाऱ्या हाताचंही असंच: ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते लाटून ताणत नाही, बोटांनीच कडेकडेनं वाढवावं लागतं, आणि याला कौशल्य म्हणणारा मला घरात अजून भेटायचा आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा. हे काम उद्या यंत्र करणार, मग त्यातल्या बारकाव्याचं कौतुक कशाला? यंत्रं आली आहेत, येवोत. पण ज्वारीची मळणी यंत्रानं केव्हाच घेतली आणि काढणीपाशी ते अडखळलं, हे काही उगीच नाही. दाणा वेगळा करायला जोर लागतो, तो इंजिनाकडं भरपूर आहे. धाट न मोडता, कडबा न चुरडता, वाकड्या-आडव्या पडलेल्या पिकातून एकेक मूठ निवडून काढायला माप लागतं.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही, पण माझ्या म्हणण्याला तिचा छेद जाऊ शकतो. एवढं कसब असेल तर कसबी माणसाचं अंग दुखायला नको. दुखतं. पहिल्या दिवसानंतरच्या दुखण्याची गोष्ट निराळी. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं, लोक त्याला लॅक्टिक आम्ल म्हणतात, पण ते आम्ल काम थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. दुखणं येतं ते आखडलेला स्नायू ताणला जाताना झालेल्या बारीक इजांनी. भार सोसत खाली येणं, वाकताना स्वतःचं धड धरून ठेवणं, ही स्नायूची ब्रेकची कामं. गंमत अशी की ती स्वस्त असतात. 1952 मध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीनं जोडल्या, एकानं पॅडल मारायचं आणि दुसऱ्यानं ते अडवायचं. अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. स्वस्त पडतं म्हणून शरीर हे काम खुशाल करत राहतं आणि इजेचा हिशेब नंतर येतो. नवख्याचं हे दुखणं चार दिवसांत ओसरतं आणि त्याच कामानं पुन्हा तेवढं होत नाही. जाणत्यांच्या कंबरेचं तसं नाही. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात, हे 1950 च्या दशकातच मोजलं गेलं आहे. भार तेव्हा मणक्याच्या बंधांवर आणि चकत्यांवर जातो. दिवस कलला, मांड्या थकल्या, की बाया गुडघे न मोडता नुसत्या कंबरेतून वाकायला लागतात, कारण तेवढाच थकल्या स्नायूंना विसावा. थकव्यानं आधी माप बिघडतं, जोर नंतर संपतो. मूठ जास्त आवळली जाते, ओढ नुसत्या पाठीतून जाते, धाटं मोडायला लागतात.

गुत्त्यानं घेतलेल्या रानात हे जास्त दिसतं. एकरावर पैसे ठरलेले असतात, टोळीला दिवस बुडायच्या आत बांध गाठायचा असतो आणि सावलीत बसलेली घटका कुणाच्याच हिशेबात धरलेली नसते. गुत्ता ठरवताना मालक रान बघतो, पीक किती दाट आहे ते बघतो, कडबा किती निघेल ते बघतो. जमीन भेगाळलेली आहे की चिवट, हे मात्र टोळीतली जुनी बाईच टाचेनं दाबून बघते आणि त्यावरून एकरामागं पैसे वाढवून मागते.