प्रमाणपत्राने प्रेस थांबत नाही

पुण्याच्या आसपासच्या लहान कारखान्यांत सुरक्षा प्रशिक्षण देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि करोनानंतर या व्यवसायाचा बराच भाग मोबाईलच्या पडद्यावर गेला आहे. नवा कंत्राटी कामगार गेटवर आला की त्याला लिंक मिळते. त्याने व्हिडिओ बघायचा, खालचे प्रश्न सोडवायचे, पास झाला की प्रमाणपत्र तयार, आणि मग गेटपास. ठेकेदार खूश, एचआर खूश, ऑडिटला येणारा साहेबही खूश. या सोयीला मी नावे ठेवणार नाही, माझी पोळी तिच्यावरच भाजली जाते. पण हे काम करता करता माझे एक मत पक्के झाले आहे. सुरक्षेची ऑनलाइन साधने आपण चुकीच्या माणसाच्या हाती देत आहोत. ज्याला यंत्राचा एक बोल्टही बदलण्याचा अधिकार नाही त्याला आपण धडे देतो, आणि ज्याच्या एका सहीने यंत्राला गार्ड बसू शकतो त्याला महिन्याच्या शेवटी ‘शंभर टक्के प्रशिक्षण पूर्ण’ असा अहवाल पाठवतो.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठल्याही औद्योगिक पट्ट्यातल्या प्रेस शॉपचे उदाहरण घ्या. वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग इथे पॉवर प्रेसवर ठोकले जातात आणि कामगारांची बोटे सर्वांत जास्त इथेच जातात. लहान शेडमधला प्रेस बहुधा जुना, पिन क्लचचा असतो. पायडल दाबले की रॅम फ्लायव्हीलला जोडला जातो आणि क्रँकचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय त्याला मध्येच थांबवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसवर लाईट कर्टन लावून काही उपयोग नाही. हात आत गेल्याचे सेन्सरला कळले तरी खाली येणारा रॅम थांबणार कसा? क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली तर पायडलवरून पाय उचलल्यावरही रॅम पुन्हा खाली येतो. ‘प्रेस डबल मारतो’ असे ऑपरेटर सांगतात ते हेच. यावर उपाय थोडे आणि ठरलेले आहेत. डायभोवती पक्का गार्ड बसवायचा, पत्रा हाताने न सरकवता फीडरने किंवा चिमट्याने आत जाईल अशी सोय करायची, क्लचची देखभाल वेळेवर करायची, आणि जमेल तेव्हा हवेच्या क्लचचा, दोन्ही हातांच्या बटणांवर चालणारा प्रेस घ्यायचा. यांतला एकही उपाय ऑपरेटरच्या हातात नाही. आमच्या चाचणीतला प्रश्न मात्र असतो, ‘डाय चालू असताना आत हात घालावा का?’ सगळे ‘नाही’वर बोट ठेवतात, सगळे पास होतात, आणि शिफ्ट सुरू झाली की तासाचे नग पुरे करायला त्याच डायमध्ये हाताने पत्रा ठेवतात. ठेवण्याची दुसरी सोयच कुणी करून दिलेली नसते.

कायद्याला हे फार पूर्वीच उमगले होते. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २१व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी टाकली ती कारखान्यावर, कामगाराच्या सावधपणावर नव्हे. सुरक्षेच्या शास्त्रातली उपायांची उतरंडही हेच सांगते. धोका मुळातच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरा. तेही जमत नसेल तर यंत्रात बदल करा. त्यानंतर येतात नियम, सूचना, प्रशिक्षण, आणि अगदी तळाशी हातमोजे, हेल्मेट, बूट. आपण बाजारातून विकत घेतो ती ऑनलाइन सामग्री जवळजवळ सगळी खालच्या दोन पायऱ्यांवरची असते, कारण ती स्वस्त पडते आणि तिच्यासाठी उत्पादन थांबवावे लागत नाही.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो की नाही यावर बरेच संशोधन झाले आहे. २००६ साली बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्या अभ्यासांतल्या कामगारांची संख्या २१ हजारांच्या घरात जाते. त्यांना आढळले की शिकणारा जितका स्वतः गुंततो, म्हणजे करून बघतो, प्रश्न विचारतो, चुकल्यावर कुणी तरी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करते, तितके त्याचे ज्ञान वाढते आणि अपघात कमी होतात. व्याख्यान, पत्रके आणि नुसते व्हिडिओ सर्वांत कमी परिणामाच्या गटात पडले. गेटवरच्या मोबाईलमध्ये आपण नेमके तेच दाखवतो. २०१२ साली आलेल्या आणखी एका मोठ्या आढाव्यात प्रशिक्षणामुळे कामगारांच्या वागण्यात फरक पडतो याचा सबळ पुरावा मिळाला, इजा आणि आजार कमी होतात असे म्हणण्याइतका मात्र मिळाला नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे वाक्य आवडत नाही, म्हणून ते आमच्या माहितीपत्रकांत कधी सापडत नाही.

मग ऑनलाइन साधन कसे असावे? माझ्या मते त्याचा चांगला नमुना युरोपात आहे. १९८९च्या निर्देशाने तिथल्या प्रत्येक मालकाला, त्याच्याकडे दोनच माणसे असली तरी, आपल्या जागेतल्या धोक्यांचे मूल्यमापन करणे बंधनकारक झाले. लहान दुकानदाराला ते जमेना. म्हणून स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात असलेल्या युरोपीय संघाच्या सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये ‘ओइरा’ नावाची मोफत सोय सुरू केली. मूळ कल्पना नेदरलँड्सच्या अशाच साधनाची. केशकर्तनालय, चामडे कमावण्याचा कारखाना अशा एकेका व्यवसायासाठी वेगळी प्रश्नावली, आणि ती बनवताना मालकांच्या आणि कामगारांच्या संघटना एकत्र बसवण्याची पद्धत. प्रश्नावली भरायची ती मालकाने. एखाद्या मुद्द्याला ‘नाही’ उत्तर आले की तो धोका म्हणून नोंदला जातो, आणि मग कृती आराखड्यात विचारले जाते की उपाय काय, जबाबदार कोण, खर्च किती, सुरुवात कधी आणि शेवट कधी. मला या साधनाचे मोल वाटते ते या रकान्यांमुळे. त्यांच्यापुढे ‘कामगारांनी काळजी घ्यावी’ असे लिहून सुटता येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘मॅडम, नव्वद टक्के अपघात कामगाराच्या चुकीनेच होतात.’ हे वाक्य मी इंजिनिअरांकडूनही ऐकते आणि मालकांकडूनही. त्याचे मूळ आहे १९३१ सालच्या एका अमेरिकन पुस्तकात. विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी त्यात ८८ टक्के अपघातांचे खापर असुरक्षित वर्तनावर फोडले होते. आधार होता विम्याच्या दाव्यांचा आणि कारखानदारांकडच्या नोंदींचा. आता अपघाताचा कागद सुपरवायझरने भरायचा म्हटल्यावर कारणाच्या जागी तो ‘गार्ड नव्हता’ लिहील की ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते’? शिवाय चूक झाली असे धरले, तरी चुकणाऱ्या हाताला बोटे गमवावी लागू नयेत म्हणूनच तर गार्ड असतो. आणि डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ला आणि पुन्हा २३ मे २०२४ला झालेल्या स्फोटांनी कारखान्याबाहेरच्या घरांच्याही काचा फुटल्या. कुठले रसायन, किती, वस्तीपासून किती अंतरावर हाताळायचे हे शिफ्टमधला हेल्पर ठरवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. लहान मालक म्हणतो, माझ्याकडे वेळ नाही, पैसा नाही, आणि खोटे टिक मारायला मला कोण अडवणार? खोटे टिक कागदावरही मारले जात होते. मोबाईलवर ते जास्त वेगाने मारले जाते, हे मला कबूल आहे. एकाच हाताने भरलेल्या, एकाच मिनिटात संपलेल्या चेकलिस्टा काही कमी नाहीत. पण साधन टाकून देणे हा त्यावरचा इलाज नाही. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर फोटोत दिसेल : गार्ड बसवलेल्या प्रेसचा, प्रेसच्या नंबरासह. आणि त्या उत्तराखाली त्याच प्रेसवरच्या ऑपरेटरची ‘खरे आहे’ किंवा ‘नाही’ अशी नोंद हवी. पैशाचे म्हणाल, तर साधा गार्ड शेजारच्या फॅब्रिकेटरकडून जाळी आणि अँगल आणून होतो. नवा प्रेस महाग आहे हे खरे, म्हणून तर तारखेचा रकाना असतो. आज जमत नसेल तर कधी, ते लिहा. सरकारी निरीक्षकाची वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. २०२०ची सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट हजार कामगारांवरून पाचशेवर आणली, धोकादायक प्रक्रियांसाठी अडीचशेवर. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. म्हणजे बारा-पंधरा माणसांची शेड कायद्याने ‘कारखाना’च उरली नाही. अशा शेडला सुरक्षा अधिकारी कधीच मिळणार नाही. मिळाले तर एखादे चांगले, मराठीत आणि हिंदीत बोलणारे साधनच मिळेल.

कामगाराचे प्रशिक्षण बंद करा, असे मात्र मी म्हणत नाही. काही ठिकाणी माहिती हीच जीव वाचवते. टाकीत किंवा चेंबरमध्ये वायू साचलेला असताना पहिला माणूस कोसळला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. ‘श्वसनयंत्र आणि दोर असल्याशिवाय उतरू नको, आधी हाक मार’ हे त्या दुसऱ्याला आधीच ठाऊक असायला हवे, आणि एकदा तरी दोर बांधून त्याने ते करून पाहिलेले असायला हवे. रसायनाच्या पिंपावरच्या खुणा, जवळचा शॉवर, धोका दिसल्यावर तो वर कळवण्याचा हक्क, हे सगळे भोजपुरीत किंवा ओडियात समजावण्याचे काम मोबाईल उत्तम करतो; मराठी-इंग्रजी पाट्यांना ते कधीच जमले नाही. पण त्या माहितीनंतर कामगार ‘प्रेस डबल मारतो’ असे म्हणाला, तर त्याचे म्हणणे कुणाच्या तरी आराखड्यात तारखेसह उतरले पाहिजे. नाहीतर त्याला शिकवून आपण फक्त अपघातानंतर दाखवायचा एक कागद तयार करतो.

वाहन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांचे ऑडिट दरवर्षी करतात, आणि लहान शेडमध्ये निरीक्षकापेक्षा त्यांचाच शब्द चालतो. त्यांना माझी विनंती आहे. ‘किती कामगारांचे प्रशिक्षण झाले’ हा रकाना खुशाल ठेवा, पण त्याच्या वर आणखी एक घाला : किती प्रेसना गार्ड बसले, कोणत्या तारखेला, आणि उरलेल्यांना कधी बसणार. आणि तो भरल्याशिवाय पुढची ऑर्डर देऊ नका.