शब्दकोशाबाहेरची इंग्रजी

चेझारे पावेझे अमेरिकेला कधीच गेला नाही. १९३० साली वॉल्ट व्हिटमनवर प्रबंध लिहून तूरीन विद्यापीठातून बाहेर पडलेल्या या तरुणाने पुढच्या दोनच वर्षांत सिंक्लेअर लुईस, मेल्व्हिल आणि शेरवुड अँडरसन इटालियनमध्ये आणले. खरी अडचण ग्रांथिक इंग्रजीची नव्हती. रस्त्यावरच्या अमेरिकन बोलीची होती. तेथे कोश मुके होत. म्हणून अमेरिकेतील अंतोनियो क्यूमिनात्तो या संगीतकार मित्राला तो अडलेले वाक्प्रचार पत्रांतून कळवी आणि खुलासे मागवी.

अर्थ कळला तरी पेच उरेच. इटालियन प्रमाणभाषा तेव्हा मुख्यतः लेखनाची होती. घरीदारी माणसे आपापली बोली बोलत. अमेरिकन मजुराच्या तोंडी ग्रांथिक इटालियन घातली, तर तो पंडित होतो. पिएमाँतची बोली घातली, तर तो अमेरिकन राहत नाही. पावेझेने बोलीतले शब्द सरसकट उचलले नाहीत. प्रमाणभाषेचे वाक्यच बोलीच्या लयीकडे वळवले. १९४१ च्या ‘पाएझी तुओई’ या त्याच्या कादंबरीत तूरीनचा एक मेकॅनिक याच वळणाने बोलतो. परक्यांची बोली उलगडता उलगडता पावेझेला स्वतःच्या माणसांची भाषा लिहिता येऊ लागली. त्याच्या भाषांतरांचे मोल ठरवताना केवळ मूळ संहितेशी असलेली निष्ठा मोजून म्हणूनच भागत नाही.