पंचनाम्यात नसलेला मे महिना

आईचं माहेर आता नवी मुंबईच्या विमानतळाखाली आहे. उलव्याच्या पट्ट्यातली जी दहा गावं उठली, त्यांतलं एक. घरं मोजली, झाडं मोजली, विहीर मोजली. घराच्या जागेच्या तिप्पट भूखंड, जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमीन. कागद मामाकडे आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपलेले. मागच्या दिवाळीत मी ते सगळे वाचून काढले. मे महिना त्यात कुठेही नाही.

म्हणून ही यादी. १९७६ ते १९८८ पर्यंत दर उन्हाळ्यात आम्ही परळहून मामाकडे जायचो, तेव्हाची. आठवलं तसं लिहिलं आहे.

बांधावरची वाट. पनवेलला एसटीतून उतरायचं आणि पुढे पायी. एका हाताला भातखाचरं, उन्हाने भेगाळलेली. दुसऱ्या हाताला खाडी. मधे माणूसभर रुंदीचा मातीचा बांध. आई पुढे, डोक्यावर ट्रंक, मागे आम्ही दोघं. बांधावर पाय ठेवण्याआधी ती चपला काढून हातात घ्यायची. माती तापलेली असायची, तरी काढायची. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

निवटे. चिखलावर उड्या मारत चालणारे, डोळे डोक्यावर आलेले मासे. आपली सावली पडली की बिळात.

उघाडी. बांधाच्या पोटात बसवलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की ती आपोआप मिटायची. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं. त्या चार फळ्यांवर गावाचं सगळं भात समुद्रापासून राखलेलं होतं. फळी कुजली, खेकड्यांनी बांध पोखरला, की उधाणाला खांड पडायचं आणि खारं पाणी शेतात. मग दोन-तीन वर्षं तिथे धड पीक नाही. खांड पडल्याची हाक आली की जेवत्या ताटावरून माणसं उठायची. ज्याचं शेत तिथे नाही तोही जायचा. मजुरीचा प्रश्न नव्हता. आजोबा म्हणायचे, बांध कुणा एकाचा नसतो.

आम्हा पोरांना उघाडी वेगळ्या कारणाने प्रिय होती. ओहोटीला तिच्या तोंडाशी मामा बोकशी लावायचा आणि जाळ्याच्या शेपटीत काय आलं ते बघायला आम्ही चिखलात गुडघाभर. कोलंबी, बोय, चिंबोऱ्या. एखाद्या वर्षी जिताडा. जिताडा सापडला तर तो घरी खायचा नाही, पाहुण्यासाठी ठेवायचा, अशी रीत होती. मे महिन्यात पाहुणे आम्हीच होतो.

रता. खाऱ्या जमिनीत तगणारं लाल भात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने या स्थानिक भातांतूनच निवड करून ‘काळा रता १-२४’ आणि ‘भुरा रता ४-१०’ हे वाण दिले, म्हणजे बियाण्याची नोंद सरकारदरबारी आहे. ताटातली नोंद नाही. त्याची भाकरी लालसर व्हायची, जाडसर, कडेला चिरलेली. सकाळी कोऱ्या चहाबरोबर शिळी खायची. नेरूळ, बेलापूर, पनवेलच्या दुकानांत मी ते तांदूळ पुष्कळ शोधले.

गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंनी खारं, आणि मधे ही एक गोडी. दगडावर दोराच्या खाचा, बोट बसेल एवढ्या खोल. आजीच्या बोलीत ळ आणि ण नव्हते. दमून गेल्यावर ती म्हणायची, “ये बाय, पानी पी.” परळच्या शाळेत मी एकदा असंच ‘पानी’ म्हटलं आणि वर्ग हसला. त्यानंतर मी ती बोली फक्त मे महिन्यात बोलले, आणि आजी गेल्यावर तेवढीही नाही. या यादीतली ही एक गोष्ट मी माझ्या हाताने घालवली आहे.

मिठागर. इथे थांबायला हवं.

भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यांत घ्यायचं. तिथे ते उन्हाने तापून दाट व्हायचं, मग ते लहान वाफ्यांत सोडायचं. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा केलेला. काही दिवसांनी पाण्यावर साय धरावी तसा पापुद्रा यायचा, खाली दाणा बसायचा. लांब दांड्याला आडवी फळी लावलेलं अवजार घेऊन आजोबा तो दाणा कडेला ओढायचे, हलक्या हाताने, तळाची माती वर येऊ न देता. हे काम पहाटे किंवा ऊन कलल्यावर. दुपारी तिकडे बघवतही नसे, इतकं पांढरं. मे अखेरीला मिठाच्या राशी पेंढ्याने शाकारायच्या, घर शाकारावं तशा. आजोबांच्या पायांना बारा महिने भेगा. आगर म्हणजे मिठागर, आणि आपलं आगरी हे नाव त्यावरूनच, असं ते अभिमानाने सांगायचे.

२०२२ च्या जुलैत आम्ही फ्रान्सला गेलो होतो. मुलगी नांत शहरात शिकत होती. तिने सुट्टीसाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या गेराँदजवळ, एका खेड्यात आठवडाभर घर घेतलं. दगडी घर, मागे अंजिराचं झाड, संध्याकाळी दहापर्यंत उजेड. आईही बरोबर होती. दुसऱ्या दिवशी आम्ही फिरायला निघालो आणि समोर मिठागरं. तशीच तळी, तसेच वाफे, मधे मातीचे अरुंद बांध. एक बाई लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होती. आई वाफ्याच्या काठाशी उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आबांचीच फळी.” आणि तिने वाकून चपला काढल्या.

गेराँदची मिठागरंही १९७० च्या दशकात जाणार होती. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी बांधकामं आणि मिठागरांमधून रस्ता, असे बेत होते. मीठ पिकवणारे अडून बसले, त्यांना शहरातले लोक येऊन मिळाले. पुढे १९८८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, २०१२ मध्ये त्यांच्या मिठाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. आज पॅरिसची कुटुंबं उन्हाळ्यात मुलांना घेऊन ते बघायला येतात आणि छोट्या पिशव्यांतून मीठ घरी नेतात. आपल्याकडेही माणसं अडून बसली होती. नवं शहर वसवणारं सिडको महामंडळ १९७० मध्ये स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या आखणीत आली. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. जासईचे दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते होते. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं तत्त्व आलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मोठी माणसं ओटीवर हळू आवाजात बोलत आणि आम्ही जवळ गेलो की गप्प होत. लढा खरा होता, मिळालेलं रक्त सांडून मिळालं होतं. मागायची सोय मात्र जमिनीपुरतीच होती. मिठागर चालू राहू द्या, उन्हाळा असाच राहू द्या, असं मागायला कोणत्या अर्जात जागा होती?

त्या फ्रेंच खेड्यात पहाटे कोंबडा आरवायचा. मुलीने त्यावरून एक गोष्ट सांगितली. ओलेराँ नावाच्या बेटावर मोरिस नावाचा कोंबडा होता. शेजारी सुट्टीसाठी घर घेतलेल्या लोकांनी त्याच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला. २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. आणि २०२१ च्या जानेवारीत फ्रान्सच्या संसदेने कायदाच केला, की खेड्यातले आवाज आणि वास हाही देशाचा वारसा आहे, आणि प्रदेशाप्रदेशातून त्यांचा अभ्यास व्हावा. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वासाची नोंद ठेवता येते, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

तर आवाज. पहाटेचा कोंबडा आमच्याकडेही. ओहोटीला उघाडीतून सुटणाऱ्या पाण्याचा. दुपारी ताडगोळे सोलणाऱ्या कोयत्याचा. आणि मुसळांचा.

मुसळांचं सांगते. मे च्या मधल्या आठवड्यात वर्षाचा मसाला व्हायचा. मिरच्या चार दिवस अंगणात, धणे, हळकुंडं, खडा मसाला आजी स्वतः भाजायची, दुसऱ्या कुणाला कढईला हात लावू द्यायची नाही. मग शेजारपाजारच्या पाच-सहा बायका यायच्या. एका उखळीला दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, चुकत नसे. नाकातोंडाला पदर, तरी सगळी आळी ठसकायची. आज यांचा मसाला, उद्या त्यांचा. पुढे कांडपयंत्र आलं, तासाभरात काम व्हायला लागलं, आणि बायकांचं ते चार दिवस एकत्र बसणं संपलं. हात दुखायचे थांबले हे चांगलंच झालं. आई मात्र अजून त्या बसण्याबद्दलच बोलते.

वास. सुकत घातलेला जवळा, बोंबील, करंदी. ओल्या चिखलाचा. तापलेल्या मिठाचा, त्याला वास नसतो म्हणतात, पण असतो. पेंढ्याचा. फणस पिकल्याचा, तो दोन घरं आधी कळायचा.

आता आम्ही बेलापूरला सातव्या मजल्यावर राहतो. तीन वर्षांपूर्वी आईने गॅलरीत मूठभर सुकट वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं. तिने ती निमूट आत घेतली, पुन्हा कधी घातली नाही. मी तेव्हा भांडायला हवं होतं.

आगोट. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. पावसाळ्याआधी करायची बेगमी ती आगोट. सुकी मासळी, मसाला, तांदूळ, पापड्या, चिंच, माळ्यावर टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, पडवीत रचलेली लाकडं आणि गोवऱ्या. मृगापर्यंत घर भरलं पाहिजे. आम्ही निघायचो तेव्हा आजी आमची आगोट वेगळी बांधून द्यायची. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती ठेवायला जागा नसायची, म्हणून ती पलंगाखाली जायची आणि श्रावणापर्यंत खोलीला गावाचा वास यायचा.

उलव्याची टेकडी. सुमारे ९० मीटर उंच. आम्हाला डोंगर वाटायची. करवंदं, जांभळं. सुरुंग लावून तिला सपाट केलं आणि तिच्याच दगडमातीचा भराव खालच्या सखल भागात घातला. उलवे नदीचं पात्रही वळवलं. म्हणजे करवंदं होती ती टेकडी आता भाताच्या खाचरांवर निजली आहे, आणि दोन्हींच्या वर धावपट्टी.

खळं. रात्री तिथे गोधड्या टाकून सगळी पोरं ओळीने. वीज होती, पण बहुतेक रात्री नसायची. खाडीपलीकडे पश्चिमेला मुंबईचा उजेड आणि त्यावर सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांचे दिवे. मामेभाऊ ते मोजायचा. अकरापर्यंत जागं राहिलेलं मला आठवतं, पुढचे त्याने सकाळी सांगितलेले. २५ डिसेंबर २०२५ ला इथून पहिली प्रवासी विमानं उडाली. त्याआधी एकदा मामाला मी कुंपणापर्यंत नेलं होतं, आपलं खळं कुठे ते दाखव म्हणून. त्याने हात वर केला, थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे, आणि खाली घेतला.

धवला. हा शेवटी आला, पण सगळ्यांत आधी वाचवायला हवा. मे म्हणजे लग्नं. आमच्या लग्नात विधी सांगायची ती धवलारीण, आणि ती ते गाऊन सांगायची. मांडवाचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, वरातीचा वेगळा. कागदावर काही नाही, सगळं तोंडी, सासूकडून सुनेकडे नाहीतर मावशीकडून भाचीकडे. आईच्या लग्नात आलेली धवलारीण रात्रभर गात होती, असं आई सांगते. आमच्या मामेबहिणीच्या लग्नातही धवलारीण होती. तिच्या मुलीच्या लग्नात डीजे होता.

घराचा नकाशा पंचनाम्यात आहे. उघाडी कशी चालायची ते मी वर लिहिलं, कुणी सुतार ती पुन्हा करू शकेल. रत्याचं बी कुठेतरी मिळेल. धवला मात्र गाणाऱ्या बाईबरोबर जातो. उलवे, उरण, पनवेल, ठाणे, अलिबाग, तुम्ही कुठलेही असा, तुमच्या घरात किंवा आळीत सत्तरी ओलांडलेली धवलारीण असेल तर या मे महिन्यात तिच्यापाशी जाऊन बसा. मोबाइल तिच्यासमोर ठेवा, एक विधी पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका, आणि तिचं नाव, गाव आणि ती हे कुणाकडून शिकली ते आधी लिहून घ्या.