कतार म्हणजे आगगाडी

मक्केहून मदिनेला जायला आमच्या ग्रुपची बस होती. पाच-सहा तासांचा प्रवास. अम्मीचे गुडघे आठवडाभर तवाफ आणि सई करून इतके सुजले होते, की बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून तेवढा वेळ बसणं तिला जमलं नसतं. मी ग्रुप नेणाऱ्या भाईंना सांगितलं, आम्ही दोघी रेल्वेने जातो. ते म्हणाले, "बाजी, बसचे पैसे परत मिळणार नाहीत." मी म्हटलं, नकोत. मग ते म्हणाले, "और साथ में कौन?" मी म्हटलं, कोणी नाही, आम्ही दोघी. त्यांनी डोळे जरा मोठे केले आणि आमच्या बॅगा मात्र बसमधून न्यायला तयार झाले. एवढं पुष्कळ झालं.

या गाडीबद्दल मी शाळेतल्या मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. हरमैन एक्सप्रेस. मक्का आणि मदिना जोडणारी साडेचारशे किलोमीटरची लाइन, मध्ये जिद्दा, जिद्द्याचा विमानतळ आणि राबिगजवळचं एक नवं शहर. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये लोकांसाठी सुरू झाली. वेग ताशी 300 किलोमीटर. आमच्या शाळेत गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा तास मला घ्यावा लागतो. मी उर्दू-मराठीची बाई, पण आगगाडीची गणितं करायला मलाही येतात. ताशी 300 म्हणजे सेकंदाला 83 मीटर. "टीचर, म्हणजे आपल्या शाळेचं अख्खं मैदान एका सेकंदात?" एकाने विचारलं होतं. मी म्हटलं, मैदान संपून पुढची पिठाची गिरणीसुद्धा.

अम्मीला या आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण रेल्वेशी होतं. ती कुर्डुवाडीची. तिचे अब्बा, म्हणजे माझे नाना, तिथल्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. बार्शी लाइट म्हणून जी अडीच फुटी छोटी लाइन होती, तिच्या इंजिनांच्या धुरात अम्मी वाढली. 1897 साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केलेली ही लाइन, 1906 ला पंढरपूरला पोचली. आषाढी-कार्तिकीला डब्यात, टपावर, दारात, मिळेल तिथे वारकरी. नाना त्या दिवसांत घरी जेवायला यायचे नाहीत, अम्मी आणि मामा डबा घेऊन जायचे. गाडी चढावर इतकी हळू व्हायची की लोक उतरून पाय मोकळे करायचे आणि परत चढायचे, असं अम्मी सांगते. त्यातलं किती खरं आणि किती तिचं, मी कधी तपासलं नाही. लहानपणी भरलेली गाडी म्हणजे यात्रेला निघालेली गाडी, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

मक्केचं स्टेशन रुसैफा भागात आहे, हरमपासून टॅक्सीने जावं लागतं. टॅक्सीत बसल्यावर मी तिकिटाचा कागद काढला. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने छापून दिला होता. अम्मी म्हणाली, "दिखा." चष्मा लावून ती वाचू लागली. अम्मी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, कुरआन तर रोजचाच. अक्षर ओळखीचं, त्यामुळे शब्दही ओळखीचे असणार अशी तिची खात्री.

"रकम," ती म्हणाली. "कित्ती रकम लिखी है?"

"अम्मी, अरबीत रकम म्हणजे नंबर. पैसे नाही."

ती पुढचा शब्द जोडायला लागली. रे, हे, लाम... आणि थांबली. "रेहलत? रेहलत नंबर? किसकी रेहलत?"

उर्दूत रेहलत म्हणजे मृत्यू. मोठ्या माणसाचा. फलाणे बुजुर्ग रेहलत फरमा गए, असं आपण लिहितो. अब्बा गेले तेव्हा जमातीच्या फळ्यावर हाच शब्द होता, मीच लिहून दिलेला. 2021 चा मे महिना होता. मय्यतीला माणसं मोजून होती. हज कमिटीचा फॉर्म दोनदा भरून दोन्ही वेळा नंबर न लागलेला माणूस, एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर. मागे राहिलेल्या पैशांतून आम्ही या उमऱ्याला आलो होतो, आणि दोनच दिवसांपूर्वी अम्मीने मस्जिद-ए-आयेशाला जाऊन, पुन्हा इहरामची नियत करून, त्यांच्या नावाने दुसरा उमरा केला होता. गुडघे सुजले ते त्यानेच.

मला हे सगळं तेव्हा टॅक्सीत नको होतं. मी कागद तिच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "अम्मी, दर शब्दाला थांबू नकोस. उशीर होतोय." आवाज चढलाच. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

उशीर झालाही, पण तिच्यामुळे नाही.

स्टेशन म्हणजे उंच कमानींचं, विमानतळासारखं प्रकरण. काच, दिवे, चकचकीत फरशी, बॅगा तपासायची यंत्रं. पाट्या दोन भाषांत, वर अरबी, खाली इंग्रजी. आता माणसाने सरळ इंग्रजी वाचावं की नाही? पण नाही. बावीस वर्षं उर्दू शिकवतेय, मी वरचीच ओळ वाचत होते, आणि आपल्याला कळतंय याचा मला आनंद होत होता. "इन्तिज़ार" दिसलं, वाट बघण्याची जागा, बरोबर. एका पाटीवर "मख़रज" होतं. आमच्याकडे मदरशात हाफिजसाहेब मुलांना ऐन आणि क़ाफचा मख़रज शिकवतात, म्हणजे अक्षर घशातून कुठून बाहेर पडतं ती जागा. इथे माणसं बाहेर पडायची जागा. मी खूश. पुढे बाण होता आणि वर शब्द होता "वुसूल". वसूल! म्हणजे पैसे-तिकिटं वसूल करण्याची खिडकी, तिकीट दाखवायचं ते इथेच, असं मी ठरवून टाकलं आणि अम्मीला घेऊन त्या बाणाच्या दिशेने चालू लागले.

वुसूल म्हणजे पोचणं. ती येणाऱ्या प्रवाशांची बाजू होती. खाली इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, चौथीतल्या पोराने वाचलं असतं.

हे मला कळलं तेव्हा समोरून सुटकेस ओढत माणसांचा लोंढा आमच्यावर चालून येत होता. सुटण्याआधी काही मिनिटं गेट बंद करतात, हे मला माहीत होतं. मी अम्मीचा दंड धरून तिला जवळजवळ ओढत परत फिरवलं. लांबच लांब हॉल. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "तू जा, मैं इधरीच बैठती." कुठे जा? तिला सोडून मदिनेला? एका गणवेशातल्या माणसाला मी तिकीट दाखवलं. तो अरबीत भराभर काहीतरी बोलला. अम्मी माझ्याकडे बघत होती. तिच्या मते मला अरबी येतं. आमच्या गल्लीतही सगळ्यांच्या मते येतं. मला त्याच्या बोलण्यातला एक "क़ितार" तेवढा कळला.

बाजूला फरशी पुसणारा एक मुलगा होता, बांगलादेशचा. तो हिंदीत म्हणाला, "आंटी, ऊपर जाना है, ऊपर. लिफ्ट इधर." आणि कुठूनतरी एक व्हीलचेअर आणली. त्याने स्वतःच अम्मीला ढकलत वर नेलं, गेटवरच्या बाईला काहीतरी सांगितलं. आम्ही आत गेलो आणि दोन-तीन मिनिटांत मागे गेट बंद झालं. त्याला काही द्यावं म्हणून मी पर्स उघडेपर्यंत तो निघून गेला होता. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

गाडी प्लॅटफॉर्मवर उभी होती. स्पेनमध्ये बनलेली, तेरा डब्यांची, पुढचं तोंड लांब आणि चपटं. अम्मी म्हणाली, "बदक दिखती." खरंच बदकाच्या चोचीसारखंच आहे ते. स्टेशनात शिरल्यापासूनचं हे तिचं दुसरं वाक्य होतं.

बसल्यावर बराच वेळ आम्ही बोललो नाही. गाडी सुटली ते कळलंसुद्धा नाही, हिसका नाही, शिट्टी नाही, खडखडाट तर नाहीच. डब्यातल्या पडद्यावर वेग दिसत होता. 90. 140. जिद्द्याचं स्टेशन मागे पडल्यावर तो चढत गेला, 250, 280, आणि मग 300. मी फोन काढून मुलांसाठी फोटो घेतला. तुम्हाला खरं सांगू? ताशी 300 मध्ये बसलेल्या माणसाला 300 जाणवत नाही. रुळांजवळचे खांब नुसती एक रेघ होऊन जातात, पण दूरचे डोंगर आपल्या जागी तसेच असतात, आणि रेतीला तर मोजायला काही खूणच नाही. शेजारची इंडोनेशियाची बाई शांतपणे झोपली होती. बार्शी लाइटमध्ये ताशी वीसला जास्त वेग वाटत असेल.

अम्मी गाडीकडे बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. मी तो तिच्याकडे दिला.

"अम्मी, रेहलत म्हणजे अरबीत नुसता प्रवास. रकम-उर-रिहला, प्रवासाचा नंबर, म्हणजे गाडी नंबर. आपण उर्दूवाल्यांनी त्याचा मृत्यू केला, कारण तोही निघून जाणंच. आणि तुला हा शब्द आधीपासून माहीत आहे. सूरह कुरैशमध्ये आहे."

तिने ओठ हलवून सूरह मनात म्हटली. चारच आयती आहेत. दुसऱ्या आयतीवर ती थांबली. तिथे कुरैशच्या हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या प्रवासाचा उल्लेख आहे, याच मक्केतून निघणाऱ्या त्यांच्या व्यापारी काफिल्यांचा. साठ वर्षं नमाजीत ही सूरह म्हणणाऱ्या माझ्या आईने तो शब्द साठ वर्षं उच्चारला होता. अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. मला माहीत होता, आणि मीही कधी सांगितला नव्हता. मुलांना शब्दार्थ शिकवण्यात माझी हयात चालली आहे आणि घरात ही गत.

"मतलब सफर," ती म्हणाली.

"हो. सफर."

मग तिला चवच लागली. आणखी सांग म्हणाली. मी म्हटलं, या गाडीला अरबीत क़ितार म्हणतात. आपली कतार, रांग. आधी एकामागे एक बांधलेल्या उंटांच्या रांगेला म्हणायचे, रेल्वे आल्यावर डब्यांच्या रांगेला म्हणू लागले. उंटांच्या क़ितारला मदिनेपर्यंत दहा-बारा दिवस लागायचे, हिला सव्वादोन तासांच्या आसपास. "और टिकट को क्या बोलते?" तिने विचारलं. मी म्हटलं, तज़किरा. उर्दूत तज़किरा म्हणजे कोणाची तरी आठवण काढणं, उल्लेख करणं. शायरांच्या चरित्रांच्या पुस्तकालाही तज़किरा म्हणतात.

अम्मी हसली. मक्केत आल्यापासून पहिल्यांदा अशी हसली. "मतलब तेरे अब्बा तीस साल तज़किरे काटते बैठे."

मी खिडकीकडे बघितलं. काही वेळ बघतच राहिले.

राबिगनंतर गाडी समुद्राची बाजू सोडून आत वळते आणि मदिनेच्या आधी रेतीचा रंग बदलत जातो. काळे दगड लागतात, मैलोन् मैल. याला हर्रा म्हणतात, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं पठार. बसाल्टच आहे, आपल्या दख्खनचा जो दगड तोच. अम्मी म्हणाली, "अपने कुर्डुवाडी-बार्शी जैसाच है गे." बाभळी तेवढ्या कमी. 622 साली याच मुलखातून दोन माणसं आडवाटेने मदिनेला गेली होती, पाठीवर असलेल्यांना चुकवत, आधी तीन रात्री गुहेत काढून. हे अम्मीला मी सांगायची गरज नव्हती. तिने दुपट्टा नीट केला आणि दरूद पढू लागली. मग मीही फोन ठेवला.

एक गोष्ट मुलींसाठी इथे लिहून ठेवते, कारण परत आल्यावर वर्गात हीच सगळ्यांना आवडली. 2022 मध्ये या गाडीच्या ड्रायव्हरच्या तीस जागांसाठी सौदी बायकांचे अर्ज मागवले, तर अठ्ठावीस हजार अर्ज आले. 2023 च्या जानेवारीत पहिल्या बत्तीस जणी शिकून तयार झाल्या. आमच्या गाडीचं सारथ्य कोण करत होतं ते मला दिसलं नाही. नववीच्या मुलींनी मात्र बाईच असणार असं ठरवून टाकलंय, आणि मी ते खोडलेलं नाही.

मदिनेला उतरलो तेव्हा पुन्हा पाट्या. या वेळी मी दोन्ही ओळी वाचल्या. "वुसूल" आली. अम्मीने पाटीकडे बोट करून विचारलं, "ये वसूल क्या है?" मी म्हटलं, पोचलो. ती म्हणाली, "हां, हो गया वसूल."

हॉटेलच्या खोलीत पाय उशीवर ठेवून तिने आधी खाला-अम्मीला कुर्डुवाडीला फोन लावला. बस अजून वाटेतच होती, बॅगा आल्या नव्हत्या, त्यामुळे तिला दुसरं कामही नव्हतं. मी चहासाठी पाणी ठेवत होते.

"अगे सुन," ती फोनवर ओरडून सांगत होती, "दो-ढाई घंटे में हमारी रेहलत हो गई!"

पलीकडे खाला रडायला लागली. अम्मीला तिला समजावता समजावता दहा मिनिटं लागली.

तिकिटाचा कागद अम्मीने मला परत दिला नाही. तिच्या पंजसूऱ्यात, सूरह कुरैशच्या पानात ठेवला आहे.