भूल कोणासाठी?

परदेशात जाऊन वन्यप्राण्यांवरचे उपचार प्रत्यक्ष हाताने शिकवणारे कार्यक्रम आता परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही खुणावू लागले आहेत. ही ओढ मला समजते. आपल्या शिक्षणात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा रोज हाताखालून जातात. बिबट्या किंवा गवा जात नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्याला पकडायला किंवा भूल द्यायला रीतसर परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत गेंडा, सिंह, जिराफ यांच्याजवळ नेणारी दक्षिण आफ्रिका जवळची वाटू लागते. पण या कामाचा जितका विचार करत गेले, तितके माझे एक मत पक्के होत गेले. अशा प्रत्येक कार्यक्रमाला आधी एकच प्रश्न विचारावा: विद्यार्थी आले नसते, तरी या प्राण्याला आज भूल दिली गेली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर जरूर जावे. ‘नाही’ असेल तर तो अनुभव प्राण्याचा जीव धोक्यात घालून विकत घेतलेला असतो.

कारण वन्यप्राण्याला भूल देणे ही कधीच किरकोळ गोष्ट नसते. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या जंगलातले पांढरे गेंडे पकडून दुसरीकडे नेण्याची मोहीम संवर्धक इयान प्लेअर यांनी चालवली, आणि एम-९९, म्हणजेच एटॉर्फिन, या औषधाची मात्रा बसवण्यात टोनी हार्थुर्न या पशुवैद्यकांचा मोठा वाटा होता. एका छोट्या भागात उरलेला हा प्राणी त्यामुळे आफ्रिकेतल्या अनेक अभयारण्यांत पुन्हा नांदू लागला. पण हेच औषध मॉर्फिनपेक्षा हजारपटीहून तीव्र आहे. दोन टनांच्या गेंड्याला काही मिलिग्रॅम पुरतात, आणि माणसाच्या उघड्या जखमेवर थोडेसे सांडले तरी जीव धोक्यात येतो. भूल चढलेल्या गेंड्याचा श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, अंग तापते; एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाखाली त्याच्या पायांचे स्नायू दबून खराब होतात. हरणांच्या जातींत तर नुसत्या पाठलागाच्या ताणाने स्नायू निकामी होऊन काही दिवसांनी मृत्यू येऊ शकतो. तोवर विद्यार्थी घरी परतलेला असतो आणि आपल्या शिक्षणाची किंमत कोणी मोजली हे त्याला कधीच कळत नाही.

एवढा धोका पत्करावा असे काम अर्थातच असते. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली शिकाऱ्यांनी १३ गेंडे मारले होते. २०१४मध्ये हा आकडा १,२१५वर गेला. शिकाऱ्यांना हवे असते ते शिंग, म्हणून अनेक अभयारण्यांनी ते आधीच कापून टाकायला सुरुवात केली. क्रूगर परिसरातल्या ११ अभयारण्यांचा २०१७ ते २०२३ या काळातला अभ्यास २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. शिंगे कापल्यानंतर तिथली शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. शिंग केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांसारखेच. ते पुन्हा वाढते, म्हणून दीड-दोन वर्षांनी पुन्हा भूल द्यावी लागते. हे काम कोणी पाहुणा येवो न येवो, करावेच लागते. तिथे विद्यार्थ्याला खरी जागा असते: श्वास मोजणे, तापमान घेणे, अंगावर पाणी ओतणे, डोळ्यांवरची पट्टी सांभाळणे, नमुन्यांच्या नळ्यांवर नोंदी करणे. हे शेवटचे काम दुय्यम वाटते, पण तिथल्या ऑन्डरस्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गेंड्यांच्या डीएनएचा जो संग्रह आहे, त्याच्या आधारे जप्त केलेले शिंग कोणत्या गेंड्याचे हे न्यायालयात सिद्ध करता येते. नळीवरचा एक क्रमांक चुकला तर पुरावा कोसळतो.

याच देशात या कामाची नेमकी उलटी बाजूही आहे. सिंहाच्या ‘अनाथ’ बछड्यांना बाटलीने दूध पाजण्याचे काम कित्येक वर्षे संवर्धन म्हणून विकले गेले. यातले बहुतेक बछडे अनाथ नव्हते. पिंजऱ्यात जन्मल्यावर त्यांना आईपासून तोडलेले होते. माणसाच्या हातावर वाढलेला असा सिंह जंगलात सोडता येत नाही. तो मोठा झाला की कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी उरतो. २०१७मध्ये सिंहांचे ८०० सांगाडे निर्यात करायला सरकारी परवानगी होती. पुढे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच पिंजऱ्यातली सिंहपैदास थांबवण्याची शिफारस केली आणि २०२१मध्ये तो अहवाल जाहीर झाला. दूध पाजणाऱ्या मुलांच्या मनात माया खरीच होती. पण त्या मायेसाठी लागणारे बछडे सतत जन्माला घातले जात होते.

माझ्या या कसोटीवर पहिला आक्षेप पैशाचा असतो. १९९१च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेत कुंपणातले वन्यप्राणी खासगी मालकीचे ठरू शकतात. त्यांची राखण महाग आहे, आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून ती भागत असेल तर बिघडले काय? शुल्काला माझा विरोध नाही. मात्र पैसा कामाच्या मागे यावा. शुल्क भरलेल्या गटाला दर आठवड्याला ‘एक डार्ट’, म्हणजे भुलीची एक सुई मारण्याची संधी, देण्याचे वचन दिले की प्राण्याची गरज मागे पडते आणि वेळापत्रक पुढे येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हात लावल्याशिवाय हात बसणार कसा? हे खरे आहे, पण या वैद्यकीत जो हात बसायला हवा तो स्पर्शाचा कमी आणि निरीक्षणाचा जास्त असतो. डार्ट मारायचाच नाही असा निर्णय कधी घ्यायचा, ऊन किती चढले की काम थांबवायचे, भुलीचा उतारा किती मिनिटांत द्यायचा, हे जो शिकला तो खूप शिकला. शिंग कापल्यावर काळ्या गेंड्यांचा वावर आकसतो, असेही २०२३मध्ये दिसून आले आहे. म्हणजे चांगल्या कामाचीही काही किंमत असते, आणि ती मोजायला शिकणे हा अभ्यासक्रमाचाच भाग हवा.

म्हणून अर्ज करण्याआधी विचारावे: भूल देण्याचे कारण लेखी सांगता का? नोंदणीकृत पशुवैद्यक पूर्ण वेळ हजर असतो का? त्या आठवड्यात गरज पडली नाही, तर आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवाल का? या शेवटच्या प्रश्नाला न अडखळता ‘हो’ म्हणणारी जागा मला सर्वांत विश्वासाची वाटते. तिथून परतलेला विद्यार्थी उद्या गोरेवाड्याच्या किंवा माणिकडोहच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात बिबट्यासमोर उभा राहील, तेव्हा आधी त्याच्या श्वासांकडे बघत थांबेल, आणि हात लावायची गरज नसेल तर तो लावणार नाही.